कोंडाईच्या बांधातली वाट

फार वर्षांपूर्वी, लोखंड कोणी पाहिलंही नव्हतं त्या काळी, डोंगराकडे एक वस्ती होती आणि नदीकडे एक. मधे गुरं चारायचा माळ. हद्द म्हणून दगड मांडलेले, आणि रोज सकाळी ते सरकलेले. विचारलं तर दोन्हीकडचे म्हणत, दगड आपोआप चालतात. आता अशा माणसांपुढे काय बोलावं?

डोंगराकडच्या वस्तीत कोंडाई राहायची. तिची एकुलती एक लेक राही नदीकडे दिलेली. राहीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्ही वस्त्यांचा. पण त्या साली दोन्हीकडचे बाप्ये गोफणी घेऊन माळावर उभे, कोणालाच पलीकडे जाऊ देईनात. कोंडाईने विनवण्या केल्या, पाया पडली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिचं डोकं फिरलं.

तिने सांबराचं शिंग घेतलं, पाटी घेतली आणि न सरकणारी हद्द घालायला दोन्ही टोळ्यांच्या मधोमध खणायला लागली. असं म्हणतात, ती एक पाटी माती टाकायची आणि तिच्यामागे पुरुषभर उंच बांध उठायचा. तिसऱ्या दिवशी डोंगरापासून नदीपर्यंत बांध तयार, शेजारी चर. मदतीला कोणी आलं नाही. बांध आमच्याच जमिनीत आला, एवढं मात्र दोन्हीकडून ओरडले.

बांधात मधे तिने लेकीसाठी एका माणसापुरती वाट सोडली होती. राही कळा सोसत त्या वाटेपाशी आली, तर वडीलधारे भांडत बसलेले, ही वाट कोणाच्या हद्दीत? मग ठरलं, वाटच बुजवायची. जन्मात पहिल्यांदा एकमत झालं, तेही कशावर बघा.

कोंडाई वाटेच्या कडेला बसली. म्हणाली, "बुजवा की. पर पैली पाटी माज्या अंगावर टाका. तुमची खोड जाईस्तवर म्या हितनं उठत न्हाई."

कोणीच पाटी उचलली नाही. राही तिच्या शेजारून माहेरी गेली, सुखरूप बाळंत झाली. कोंडाई मात्र उठली नाही. असं म्हणतात, तिच्या गुडघ्यांवर माती चढली, खांद्यावर गवत आलं, तरी ती बसलेलीच.

बांध अजून आहे, भांडणंही आहेत. पण गरोदर लेक माहेरी निघाली की त्याच वाटेने जाते, आणि तिचं गाठोडं त्या साली सगळ्यात जास्त भांडलेल्या बाप्याने डोक्यावर घ्यायचं. वाटेच्या कडेला मातीचा उंचवटा आहे. तिथे थांबून त्याने म्हणायचं, "आई, उठ आता." मग तो जरा वेळ वाट बघतो, आणि खाली मान घालून पुढे जातो.