चाकं टेकल्यावर

कराडमध्ये वृंदा शेडगे नावाची एक तरुणी राहत होती. दिवसा ती औषधांच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी लढाऊ विमानं उडवायची. विमानं संगणकातली, पण हातातली दांडी खरी, पायाखालची पेडलं खरी आणि छातीतली धडधडही खरी. आभाळात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शत्रू मागे लागला, की पापणी लवते न लवते तोच ती त्याच्या मागे असायची.

सायरा मुजावर ही तिची जोडीदार. सायराला लहानपणापासून खऱ्या विमानाचं वेड. वैमानिक व्हायला निघाली, तर डोळ्यांतल्या दोषामुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. तेव्हापासून ती पडद्यावरच्या आभाळावर समाधान मानत होती.

दोघींची विमानं जुन्या घडणीची होती. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं. असं विमान वर गरुड, पण खाली उतरलं की अवखळ खोंड. नाक वर असल्याने समोरचं दिसत नाही. वजन मागे असल्याने जरा तिरकं झालं, की शेपूट गरकन पुढे यायला बघते. पायांनी सतत पेडलं दाबून त्याला सरळ ठेवावं लागतं. सायरा रोज आधी नुसतं जमिनीवर विमान चालवायची. वृंदाला हसू यायचं.

"अगं, लढाई वर असते. खाली कसला सराव करतेस?"

"हे विमान खाली आल्यावरच अंगावर येतं, बाई," सायरा म्हणायची.

त्या वर्षी पुण्यात मोठी स्पर्धा भरली. जिंकणाऱ्या जोडीला एका उड्डाण क्लबच्या खऱ्या विमानातून फेरी मिळणार होती. सायराने केसांना बांधायला नवा रुमालसुद्धा घेऊन ठेवला. अट एवढीच, की शत्रूची विमानं पाडून आपली दोन्ही विमानं मैदानावर धडधाकट उभी करायची.

अंतिम फेरीत वृंदाने कमाल केली. शत्रूचं शेवटचं विमान तिनेच पाडलं. सायरा आधी उतरली. समोरचं दिसावं म्हणून नागमोडी चालवत तिने विमान मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं. मग वृंदा उतरू लागली. वारा आडवा होता, तरी चाकं अलगद टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वृंदाने दांडी सोडली, पाय पेडलांवरून काढले आणि दोन्ही हात उंच केले.

तेवढ्यात पडद्यावरचं गवत फिरू लागलं.

"वृंदा, पाय! पाय मार!" सायरा किंचाळली.

वृंदाचे पाय पेडलं शोधू लागले. सापडली ती नुसती फरशी. विमान शेपटीवर गरगरलं आणि कडेला धावत सुटलं. काचेतून तिला सायराचं विमान दिसलं, एकदम जवळ. कडाड आवाज झाला. वृंदाचा पडदा काळा झाला. त्याच क्षणी शेजारचा सायराचाही काळा झाला.

आत्ता तर जिंकलो होतो! हातातोंडाशी आलेला घास असा कसा गेला? वृंदा काळ्या पडद्याकडे बघतच राहिली. हात अजून अर्धवट वरच होते, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

परीक्षक धायगुडे सर जवळ आले. "पेडल अडकलं होतं का? यंत्राचा दोष असेल, तर नियमाप्रमाणे पुन्हा उतरायची संधी देता येईल."

एक 'हो' म्हटलं, की सगळं परत मिळणार होतं. तिने सायराकडे पाहिलं. सायरा श्वास रोखून तिच्याकडेच बघत होती. किती आशेने बघतेय बिचारी, असं वृंदाला वाटलं.

"नाही सर," ती कशीबशी म्हणाली. "पेडल चांगलं आहे. माझे पायच त्यावर नव्हते."

बक्षीस दुसऱ्या जोडीला गेलं. दोघी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसल्या. वृंदाला माफी मागायचीही हिंमत होईना.

"माझ्यामुळे तुझं विमान गेलं," शेवटी ती म्हणाली. "तू एवढ्या आशेने बघत होतीस..."

"आशेने?" सायरा तिच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "अगं, तुझे पाय पेडलांवरून निघालेले मी पाहिले होते. तू 'हो' म्हणतेस की काय, या भीतीने माझा जीव मुठीत होता."

त्या एका शब्दाने वृंदा काय गमावून बसली असती, ते तिला तेव्हा कुठे कळलं.

"विमान गेल्याचं वाईट वाटतंच गं," सायरा डोळे पुसत म्हणाली. "पण तुझ्यावरचा भरवसा गेला असता, तर मी कुणाबरोबर उडले असते?"

तात्पर्य: काम पुरतं तडीस जाईपर्यंत हात सैल सोडू नयेत; आणि चूक झालीच, तर ती आपली म्हणावी. हुकलेली संधी पुन्हा येते, पण गेलेला भरवसा परत येत नाही.