समेटाची वडी

गोष्ट फार जुन्या काळातली. इतक्या जुन्या, की त्या गावांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत.

दोन गावं होती आणि मध्ये एक ओढा. ओढ्याच्या पाण्यावरून वैर पेटलं, त्यात दोन्हीकडची तरणीताठी माणसं गेली. शेवटी सगळेच थकले आणि समेटाचा दिवस ठरला.

त्या मुलखात समेटाची एक रीत होती. भांडणात ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरच्या बाईने गुळाची वडी करायची. दोन्ही पाटलांनी ती मोडून अर्धी-अर्धी खायची. वडी नीट मोडली, की वैर मिटलं. तिचा भुगा झाला, तर बाईच्या मनातला राग गेलेला नाही असं धरायचे, आणि समेट तिथेच संपायचा.

या वेळी वडीचं काम एका विधवेकडे आलं. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. तरी तिने चूल पेटवली. गूळ विरघळवला, तूप-खवा घातला, पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहिला. त्याची मऊ गोळी झाली तशी तिने कढई उतरवली.

"कोमट होईस्तोवर कुणी हात लावू नका," ती म्हणाली. "गरम पाक घोटला तर तो रवाळ होतो, वडी धरत नाही." आणि परातीला तूप लावायला ती आत गेली.

तिच्या गावच्या पाटलाला धीर कुठला! पलीकडच्या गावचे पाहुणे चावडीवर येऊन बसलेले. उशीर झाला आणि त्यांचं मन फिरलं तर? आसपास कुणी नाही असं पाहून त्याने उलथनं उचललं आणि लवकर थिजावा म्हणून पाक भराभरा घोटून ठेवला. हेतू वाईट नव्हता बिचाऱ्याचा.

बाहेर येऊन तिने घाईघाईत पाक परातीत थापला आणि वडी पाडली. दोन्ही पाटलांनी ती मोडायला घेतली तशी ती भुगा होऊन खाली पडली.

"हिने मुद्दाम बिघडवली!" पाहुणे उठले.

"नाही हो! कुणीतरी गरम पाक घोटलाय. माझं ऐका तरी," ती हात जोडून म्हणत राहिली. तिचं कोण ऐकणार? सगळ्यांनी तिच्या गावच्या पाटलाकडे पाहिलं. चारचौघांत मान खाली जाईल म्हणून पाटील गप्प बसला.

पाहुणे निघून गेले. विधवेला गावाने वाळीत टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावर पुन्हा काठ्या निघाल्या, आणि पाटलाचा मुलगा घरी आला तो चौघांच्या खांद्यावरून.

तेराव्यानंतर पाटील विधवेच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, पाक मी घोटला होता."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "रवाळ झालेल्या पाकात ओंजळभर पाणी घालायचं, पाटील, आणि पुन्हा चुलीवर ठेवायचं. तासाभरात नवी वडी पडते. तेवढंच सांगायचं होतं मला. तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर पाहुण्यांनी मला सांगू दिलं असतं."

पाटील उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्या शेजारी बसून तीही रडली. दोघांचीही मुलं आता परत येणार नव्हती.

तात्पर्य : चूक वेळेवर कबूल केली तर निस्तरता येते, लपवली तर तिची किंमत निरपराधांना मोजावी लागते.