हाकेच्या वळणावरची ओ

करवंदीच्या घाटातलं हे सातवं वळण. याला हाकेचं वळण म्हणतात. दरीच्या बाजूला कठडा आहे, कठड्याशी एक काळा दगड आहे आणि बाकी सगळं धुकं. मघाशी तुमच्या पुढच्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली, काच खाली केली आणि कुणाच्या हाकेला उत्तर द्यावं तसा तो मोठ्याने "ओ" म्हणाला. तुम्ही हसलात. हसा, पहिल्यांदा सगळेच हसतात. शहरातली माणसं धुकं दिसलं की आधी फोटो काढतात आणि मग हॉर्न बडवत सुटतात. जरा इंजिन बंद करा. धुकं उठेपर्यंत तसंही कुठे जाता येणार नाही, तोवर ऐकून घ्या.

ही गोष्ट इथे रस्ता नव्हता तेव्हाची. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे याच वाटेने वर देशावर यायचे. त्यांतला एक तांडा लिंबाजी वंजाऱ्याचा, चाळीस बैलांचा. सगळ्यांत पुढच्या बैलाबरोबर लिंबाजी चालायचा आणि शेवटच्या बैलामागे त्याची बायको सारजा. सोबत त्यांची एकुलती एक पोर, हौसा, नऊ वर्षांची. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. पोर भारी बडबडी होती म्हणे. बैलांशी बोलायची, दगडांशी बोलायची, कुणीच नाही सापडलं तर स्वतःशी बोलायची. सारजा वरवर कावायची, पण पोरीचा आवाज क्षणभर थांबला तरी मागे वळून बघायची.

धुक्यात घाट चढायची या लोकांची एक रीत होती. समोरच्या कड्यावर आवाज आपटून उलटा फिरतो. चाळीस घंटा एकदम वाजायला लागल्या तर बैलाला वाट कुठली आणि दरी कुठली ते कळेनासं होतं. म्हणून धुकं उतरलं की पहिल्या बैलाची घंटा तेवढी मोकळी ठेवायची, बाकी सगळ्या घंटांत गवत कोंबायचं. माणसांनी बोलायचं नाही, बैलाची शेपटी धरून मुकाट चालायचं. या रीतीने कितीतरी तांडे वाचवले, यात खोटं काही नाही.

दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी तांडा घाट चढायला लागला आणि निम्म्या वाटेत धुकं असं उतरलं की स्वतःचा हातसुद्धा दिसेना. सारजाने भराभरा गवत उपटलं, घंटा बंद करत आली. शेवटचा बैल कवड्या, हौसाचा लाडका. त्याच्या घंटेतही तिने गवत कोंबलं, बोटाने दाबून दाबून कोंबलं. तेवढ्यात पुढच्या एका बैलावरची गोणी कलंडली. कुणीतरी सावरायला हवी होती. सारजाने पोरीच्या हातात कवड्याची शेपटी दिली.

"सोडू नगं. आन् तोंडातनं शबुद काढू नगं. म्या आलेच."

हौसाने मान हलवली. नेहमी हजार प्रश्न विचारणारी पोर त्या दिवशी एकदम शहाण्यासारखी वागली.

गोणी सावरायला कितीसा वेळ लागतो? पण धुक्यात सारजाला वाटलं, कवड्या मागेच आहे. मागून खुरांचा आवाज येतोयसं वाटत होतं, म्हणून ती तशीच पुढे चालत राहिली. तो कड्यावरून उलटा फिरलेला होता, हे खिंडीत पोचल्यावर कळलं. तिथे ऊन होतं. लिंबाजीने बैल मोजले. एकोणचाळीस भरले.

कवड्या सापडला. वाट चुकून तो गुरांच्या पायवाटेने या इथल्या टोकाशी आला होता आणि निवांत चरत होता. गळ्यातली घंटा गच्च भरलेली. हौसा नव्हती. आठ दिवस माणसं दोर लावून दरीत उतरली, पण काही हाती लागलं नाही.

लिंबाजी तिला समजवायचा, "तू रीत पाळलीस सारजे. तुजं काय चुकलं?"

"रीत पाळली म्हनूनच गेली. घंटंचंबी तोंड म्या बांधलं, पोरीचंबी म्याच बांधलं. पडतानाबी हाक मारली नसंल वो तिनं. म्या नगं म्हनले हुते न्हवं!"

तांडा पुढे गेला. सारजा गेली नाही. या दगडापाशी तिने झोपडी घातली आणि धुकं उतरलं की इथे उभी राहून हाक मारायची, "हौसेऽऽ! ओ दे गंऽऽ!" धुकं उठेपर्यंत मारत राहायची. लिंबाजी येता-जाता धान्य ठेवायचा. एक वर्षी तोही आला नाही.

वाटसरूंना मात्र ती हाक कळायला लागली. धुक्यात अडकलेला माणूस तिच्या आवाजाच्या रोखाने चालत आला की बरोबर वाटेला लागायचा. तीस वर्षांत या घाटात एकही जीव गेला नाही, असं सांगतात. धुक्यातून कुणी येताना दिसलं की सारजा धावायची आणि तोंड बघून परत फिरायची. इतकी माणसं तिच्या हाकेवर आली. जिला हाक होती ती आली नाही.

सारजा म्हातारी झाली, नजर गेली. एका सकाळी गवळ्याची सून द्वारका माहेरी निघाली होती. धुक्यात तिने ती फाटलेली हाक ऐकली. वाटेवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की म्हातारी हाक मारते, पण आपल्याला नाही म्हणून आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. द्वारकेला राहवलं नाही. तिने ओरडून सांगितलं, "ओऽऽ आई! आले गं!"

हाक थांबली. द्वारका जवळ गेली तेव्हा म्हातारी हात पुढे करून उभी होती. तिने द्वारकेच्या तोंडावरून हात फिरवला, हातातल्या काकणांवरून फिरवला. मग खाली बसली.

"तू माजी न्हवं," ती म्हणाली. "पर ओ दिलीस. तीस वर्सात कुनी दिली न्हाई."

द्वारका तिच्याजवळ बसून राहिली. धुकं उठायच्या आत सारजाने तिच्या मांडीवर प्राण सोडला.

आजही धुक्यात या वळणावर आलेला माणूस ओ दिल्याशिवाय पुढे जात नाही. हाक कुणालाच ऐकू येत नाही, मलाही कधी आली नाही. पण एखाद्या दिवशी ती मारत असेल आणि आपण गप्प गेलो, तर? उतरवा ती काच.