कंपायलरची बोली

पुण्यातल्या एका कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ पारुळेकर परदेशी परिषदेहून परतले आणि फर्मान सुटलं, "आजपासून प्रोग्राम लिहिताना पॉइंटरची नवी सोय वापरायची. पण ग्राहकांच्या जुन्या कंपायलरवर काही अडलं, तर नोकरी विसरा!"

प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या जुन्या कंपायलरला त्या सोयीचं नावही ठाऊक नव्हतं. कंपनीतल्या प्रोग्रामर शर्वाणी ढमढेरेने त्याच्यापुरतं तेच काम जुन्या पद्धतीने लिहिलं आणि नव्यासाठी नवी सोय ठेवली. प्रोग्राम दोन्हीकडे चालला.

"एकाच कामाची दोन रूपं? ही लबाडी आहे!" पारुळेकर भर बैठकीत इंग्रजीत गरजले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "गो आये, मिटिंगेत आसंय, मागीर फोन करतंय," ते हळूच घरच्या बोलीत आईला म्हणाले.

शर्वाणी म्हणाली, "सर, मीही हेच केलंय. ज्याला जी भाषा कळते, त्याच्याशी ती बोलले. आईंशी इंग्रजीत बोलला असतात, तर निरोप पोचला असता?"

पारुळेकरांनी प्रोग्रामला मंजुरी दिली, तीही मराठीत.