हाकेच्या टप्प्यातले रान

डोंगरउतारावर एक दाट रान होते आणि त्या रानातल्या उंच सावरीच्या शेंड्यावर एक भृंगराज राहत असे. मुलांनो, तुम्ही भृंगराज पाहिला नसेल तर सांगतो. अंगाने तो काळाभोर असतो, डोक्यावर तुरा असतो आणि शेपटीला तारेसारखी दोन लांब पिसे असतात. पण त्याची खरी दौलत म्हणजे त्याचा गळा. रानातल्या कोणाचाही आवाज तो हुबेहूब काढी. साळुंकीची किलबिल, सुतारपक्ष्याची किंकाळी, अगदी साळिंदराची फुरफुरसुद्धा! बाकीचे पक्षी त्याला ‘नकल्या’ म्हणत आणि हसून उडून जात.

एके दिवशी शेंड्यावरून त्याला एक म्हातारा गवा दिसला. गोचिडींनी बेजार होऊन तो आपली मान झाडाच्या बुंध्यावर घासत होता. घासून घासून कातडे सोलवटले होते. त्याच वेळी ओढ्यापलीकडे एक साळुंकी वाळका पाचोळा उलटत होती. सकाळपासून तिला एकही किडा मिळाला नव्हता. भृंगराज मनाशी म्हणाला, “हिला खायला किडे हवेत, त्याला गोचिडी काढणारं कोणी हवं. आणि दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही!”

त्याने साळुंकीच्या आवाजात साद घातली. ती लगेच उडत आली. गव्याने आधी शिंगे रोखली, पण भृंगराज म्हणाला, “काका, घाबरू नका. हिची चोच हलकी आहे.” गव्याने मान खाली केली. सूर्य माथ्यावर येईपर्यंत गव्याची मान स्वच्छ झाली आणि साळुंकीचे पोट भरले. गवा समाधानाने गवतातून चालू लागला. त्याच्या पायांखालून नाकतोडे भराभर उडाले आणि भृंगराजाने ते वरच्यावर टिपले. त्यालाही त्याची मजुरी मिळाली.

तेव्हापासून सावरीचा शेंडा गजबजून गेला. खारीला ढोली पोखरून हवी असली की भृंगराज सुतारपक्ष्याला हाक मारी. मुंग्यांच्या कोठारात पाणी शिरले, तेव्हा त्याने साळिंदराला बोलावून चर खणवला आणि वर्षभराचे धान्य वाचवले. ज्याचे काम होई तो आणि जो काम करी तो, दोघेही भृंगराजासाठी चार किडे सोडत. नकल्या म्हणणारेच आता त्याला ‘दादा’ म्हणू लागले.

पण एक दिवस साळुंकी येऊन फांदीवर बसली आणि चोच फांदीला पुसत म्हणाली, “दादा, रागावू नकोस. गवेकाकांची बसायची जागा मला आता पाठ झाली आहे. मी आपली परस्पर जाईन. मध्ये तुझी हाक कशाला?”

ती म्हणत होती ते खरेच होते. दोनच दिवसांत सुतारपक्षीही खारींकडे परस्पर जाऊ लागला. शेंडा ओस पडला. भृंगराज दिवसभर एकटा बसे आणि पुन्हा आपले किडे आपण शोधी. पोटापेक्षा त्याच्या मनाला जास्त लागले होते. ‘ज्यांची गाठ आपण घालून दिली, त्यांना आता आपलं काहीच काम उरलं नाही,’ असे त्याला वाटे.

कोल्ह्याने हे हेरले. तो झाडाखाली येऊन म्हणाला, “मित्रा, चूक तुझीच आहे. तू त्यांची ओळख का होऊ दिलीस? आज साळुंकी पाठव, उद्या बगळा पाठव, परवा आणखी कोणी. कोणालाच कोणाचा ठावठिकाणा कळू देऊ नकोस. मग बघ, झक मारत तुझ्याकडे येतील.”

भृंगराजाने क्षणभर विचार केला. मग तो म्हणाला, “कोल्होबा, ओळख पटली म्हणून तर काकांनी मान खाली घातली. रोज नवी चोच आली तर कोण आपली मान पुढे करील? त्यांना अडवून मला पोट भरायचं नाही. माझ्याकडून त्यांचं खरंच काही काम होत असेल, तर ते येतील.”

“मग बस उपाशी,” असे म्हणून कोल्हा निघून गेला.

भृंगराज मात्र नुसता बसला नाही. तो रानभर हिंडला. एका सशाचे बीळ ढासळले होते आणि तो बिचारा दिवसभर बाहेर उन्हात बसून होता. साळिंदराचे घर सशाला ठाऊक होते, पण साळिंदर दिवसा गाढ झोपतो हे ठाऊक नव्हते. ते पाहताच भृंगराजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे सुरळीत असते तेव्हा कोणीही कोणाकडे परस्पर जाऊ शकतो. खोळंबा होतो तो अडचणीच्या दिवशी! त्या दिवशी धावून येणारा कोणीतरी हवा.

मग कोण कधी झोपतो, कोणाची अंडी उबायला आली आहेत, कोणाचा पाय दुखावला आहे, हे सारे तो लक्षात ठेवू लागला. प्रत्येक कामाला आणखी एक जण तयार असावा, म्हणून त्याने गायबगळे पारखले. त्यांना तो सांबराच्या पाठीवरची कुसळे वेचायला लावी आणि शेजारी बसून पाही. एका बगळ्याने घाईत कातड्याला चोच मारली. भृंगराजाने त्याला सांगितले, “तुझा वेग चांगला आहे, पण अजून हात बसलेला नाही. आठ दिवसांनी ये.” दुसरा बगळा मात्र सावकाश, नेमके टिपणारा निघाला. त्याला त्याने ठेवून घेतले.

सांबर खूश झाले. ते म्हणाले, “आमच्या पलीकडच्या डोंगरावरही ये. सगळं रानच तुझं होऊन जाईल.” भृंगराज उडत तिकडे गेला, पण पोचेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. त्याने हात जोडावेत तसे पंख मिटले आणि म्हणाला, “नाही जमायचं. बगळा एवढ्या लांब येऊन दमेल, तोवर इकडचा कोणी अडला तर त्याचे हाल होतील. माझी हाक ऐकू जाते तेवढंच माझं रान. तुमच्याकडे माझा एक भाऊबंद आहे, त्याला मी हे सारं शिकवीन.” सांबराला आधी वाईट वाटले, पण हा पक्षी तोंडाला येईल ते कबूल करत नाही, हे त्याच्या ध्यानात राहिले.

पुढे उन्हाळा कडक झाला. एका मोडक्या खोडाचा अणकुचीदार तुकडा म्हाताऱ्या गव्याच्या खांद्यात घुसला. जखम चिघळली, तिच्यात अळ्या पडल्या. गवा ओढ्याकाठी उभा राहून साळुंकीची वाट पाहू लागला. पण साळुंकीची पिल्ले त्याच सकाळी अंड्यांतून बाहेर आली होती. त्यांना सोडून ती हलणार कशी? गवा वेदनेने हंबरला. ते ऐकून एक कावळा आला. “मी साफ करतो की!” म्हणाला आणि अळ्या सोडून जिवंत मांसच टोचू लागला. गवा तडफडून गुडघ्यांवर बसला.

तो हंबरडा शेंड्यापर्यंत पोचला. गवा आता भृंगराजाला बोलावत नसे. पण त्याने तो विचारही केला नाही. दगडासारखा तो खाली झेपावला आणि आपल्याहून मोठ्या कावळ्याला चोचीने झोडपत ओढ्यापार पिटाळून आला. मग बगळ्याच्या आवाजात त्याने हाक दिली. बगळा आला, तेव्हा गवा थरथरत मान झटकू लागला.

भृंगराज त्याच्या शिंगावर बसला. “काका, हलू नका. याला मी स्वतः पारखलंय. याच्याकडून काही चुकलं तर बोल मला लावा. मी इथून उठत नाही.”

गव्याने डोळे मिटले. बगळ्याने एक एक अळी टिपली. जखम स्वच्छ होईपर्यंत भृंगराजाने पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बगळ्याला बोलावले आणि तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी जखमेवर खपली धरली आणि गवा उठून चरू लागला.

पिल्ले थोडी मोठी झाल्यावर साळुंकी शेंड्यावर आली. तिची मान खाली होती. “दादा, उद्यापासून मला तूच हाक मारत जा.”

“अगं, तू परस्पर गेलीस तरी माझी ना नाही,” भृंगराज म्हणाला.

“नको. काकांकडे कसं जायचं ते मला कळत होतं. पण मी गेले नाही तर काकांचं काय होईल, याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. तू तो करून ठेवला होतास.”

खाली उभा असलेला गवा गंभीरपणे म्हणाला, “भृंगराजा, त्या दिवशी मी डोळे मिटले ते बगळ्याच्या भरवशावर नव्हे. तू शिंगावर बसला होतास म्हणून.”

तेवढ्यात वारुळाच्या बाजूने मुंग्यांची रांग लगबगीने येताना दिसली. त्यांचे काहीतरी अडले होते. त्याने पंख झटकले, पुढची मुंगी काय सांगते ते नीट ऐकून घेतले आणि कोण जागे असेल याचा विचार करून गळा मोकळा केला.

तात्पर्य : गरजूची आणि कामकऱ्याची गाठ कोणीही घालून देईल, पण जो पारखून माणूस देतो, झेपेल तेवढेच अंगावर घेतो आणि अडीअडचणीला स्वतः जबाबदार राहतो, त्याचीच सेवा लोकांना कायम हवीशी वाटते.