तात्या एकटे सापडेपर्यंत

एका गावात एक भोळा गडी होता, सुभाना नावाचा. मिसरूड फुटलं होतं, पण बापाचा शब्द तो अजून जसाच्या तसा झेलायचा. बापाला तो तात्या म्हणे.

एकदा तात्या म्हैस विकत होते. गिऱ्हाइकाला म्हणाले, आठ लिटर दूध देते. सुभाना म्हणाला, ती आटून महिना झाला. गिऱ्हाईक उठून गेलं. तात्यांनी बजावलं, मोठी माणसं बोलत असताना तोंड उघडायचं नाही.

सुभानाला पटलं.

पुढच्या आठवड्यात तात्या पाटलांशी बोलत शेकोटीपाशी बसले होते. ठिणगी उडाली ती तात्यांच्या फेट्यावर बसली. सुभाना हात बांधून बघत राहिला. फेटा धुमसला, मग पेटला. पाटलांनी अख्खी घागर ओतली. निथळत तात्या म्हणाले, अरे, असं काही दिसलं की चारचौघांत मोठ्यानं सांगावं.

तेही पटलं.

मग मुलगी बघायला गेले. पोहे आले. सुभाना उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "पोह्यांत केस आहे. आणि मुलीच्या आत्याला मिशा आहेत."

स्थळ मोडलं. परतताना तात्या दमून म्हणाले, बाबा, माणूस एकटा सापडेपर्यंत थांबावं, मग हळूच कानात सांगावं.

दुसरं स्थळ जमलं. मुलीचं नाव गोदा. सुभानाला ती फार आवडली. लग्नात तो एक अक्षर बोलला नाही, त्यामुळे तात्या खूश होते.

वऱ्हाड परत निघालं. वाटेत ओढ्यावर बैलांना पाणी पाजलं. गोदाही पाणी प्यायला उतरली. जो तो समजला, नवरी दुसऱ्या गाडीत असेल. गाड्या सुटल्या. सुभानानं मागं पाहिलं, तर गोदा ओढ्यावरच. तो सांगायला तात्यांकडं वळला. पण तात्या सात पाहुण्यांत दाटीनं बसलेले. तो थांबला.

दारात वाजंत्री वाजू लागली. उंबऱ्यावर माप ठेवलं. आई ताट घेऊन आली. तात्या जोडे काढायला जरा बाजूला झाले, तसा सुभाना त्यांच्या कानाशी लागला.

"तात्या, नवरी ओढ्यावर राहिली."

गाडी उलटी पिटाळली. गोदा मुंडावळ्यांसकट धोंड्यावर शांत बसली होती.

"पोरी, एक हाक तरी मारायचीस," तात्या म्हणाले.

गोदानं मान खाली घातली. "आईनं बजावलंय, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये."

सुभानाला ते लगेच पटलं.

तात्यांनी तोंड उघडलं, दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि मिटलं.