भीमण्णाची जाळी

"शेवयांच्या यंत्राची जाळी बदलावी तर या भीमण्णानंच! अख्ख्या तालुक्यात असा हात नाही," असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि लगेच स्वतःच हसून जोडायचा, "तासभर लागतो, एवढंच!"

असा हा भीमण्णा एका गावात शेवया करून द्यायचा. उन्हाळा लागला की बायका भिजवलेल्या पिठाचे डबे घेऊन त्याच्या दारात रांग लावत. एकीला बारीक शेवई हवी, दुसरीला जाड. दर खेपेला जाळी बदलायला भीमण्णा यंत्र बंद करी. मग पाना शोधी. पाना कधी फळीवर सापडे, कधी त्याच्याच बुडाखाली. मग आठ नट काढायचे, दुसरी जाळी हुडकायची, तिच्या भोकांत वाळून बसलेलं गेल्या खेपेचं पीठ दाभणानं टोकरायचं. आणि हे चालू असताना तोंडानं सगळ्या रांगेची टिंगल.

यंदा मात्र शेजारच्या गावात नवं यंत्र आलं. एके दिवशी ऊन चढलं, डब्यांतली पिठं आंबू लागली आणि निम्म्या बायका डबे उचलून तिकडे चालू लागल्या. भीमण्णाचं हसू मावळलं. सगळा उन्हाळाच हातचा चालला होता.

मागं राहिलेल्या यमुनाक्का म्हणाल्या, "भीमा, एक पोळी तव्यावर असते तेव्हा आम्ही दुसरी लाटतो. तू तर तवा उतरवून कणीक मळायला बसतोस!"

बायका खदखदल्या. भीमण्णाच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. यंत्र चालू असतानाच दुसरी जाळी धुऊन, तेल लावून हाताशी ठेवली. पाना दोरीनं यंत्रालाच बांधला. जाड शेवयावाल्यांना विनवून एकामागोमाग बसवलं. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून नटांच्या जागी झटकन उघडणारे दोन खटके बसवून घेतले.

आठ दिवसांत, विड्याचं एक पान लावून होईस्तोवर जाळी बदलून होऊ लागली. गेलेल्या बायका परत आल्या, येताना जावांनाही घेऊन आल्या.

भीमण्णा फुगला. "बघितलंत का अक्का, हात कसे चालतात!"

"हात आधीही चालायचे रे," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी पहिल्यांदा तोंड थांबलं."

तात्पर्य: पुढच्या कामाची तयारी हातातलं काम चालू असतानाच करावी, आणि कुणी चूक दाखवली तर उत्तर नंतर द्यावं, आधी ऐकावं.